जुना प्रिसिजन, नवा प्रिसिजन आणि न जुळणारी पिकगार्डची भोकं

खर्जवेडा (पुणे)

नमस्कार मंडळी,

नोकरीनिमित्त चार वर्षं टोकियोत होतो. परत यायच्या आधी ओचानोमिझूच्या वाद्यांच्या दुकानांतून एक वापरलेला जपानी फेंडर प्रिसिजन बेस (खर्जाची इलेक्ट्रिक गिटार) घेतला. मॉडेल पीबी६२, म्हणजे १९६२ च्या प्रिसिजनचा जपानी रीइश्यू, जुन्या मॉडेलची नव्याने काढलेली आवृत्ती. सनबर्स्ट रंग (मधे पिवळा, मग लाल, कडेला काळा), त्यावर कासवाच्या पाठीसारखं लालसर तपकिरी पिकगार्ड, म्हणजे तारांखाली बॉडीवर स्क्रूंनी बसवलेला पातळ पत्रा. गेल्या महिन्यात केबलवर कोणाचा तरी पाय पडला, जॅक ओढला गेला आणि गार्डला जॅकपासून कडेपर्यंत तडा गेला.

नवीन गार्ड ऑनलाइन मागवलं. जाहिरातीत '१३ भोकं, ६२ च्या प्रिसिजनला फिट' असं स्पष्ट लिहिलं होतं. वस्तू सुंदर आहे, पण बॉडीवर ठेवली तर १३ पैकी ७ भोकं बरोबर, ३ अर्धवट झाकलेली आणि वरच्या शिंगापाशी (बॉडीच्या वरच्या निमुळत्या टोकापाशी) ३ साफ चुकलेली. नेकपाशी, म्हणजे दांडीच्या बुडाशी, चिकटवून बसवावं तर पिकअपची (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाची) खाच अडते. पिकअप मोकळा ठेवावा तर नेकपाशी दीडेक मिलिमीटरची फट दिसते.

दोन्ही '६२' च आहेत ना? मग आकार वेगळा का? आणि मूळ १९६२ च्या बेसवर नक्की कोणता आकार होता? जाणकारांनी सांगावं. बॉडीला नवीन भोकं पाडायचा धीर होत नाही.

चौतार (म्हापसा)

खर्जवेडा, तुमचं गार्ड चुकीचं नाही आणि बेसही चुकीचा नाही. '६२ चं गार्ड' म्हणजे एकच एक ठरलेला आकार, असं आपण धरून चालतो. गोंधळ तिथे आहे.

आधी थोडं मागे जाऊ. १९५१ च्या पहिल्या प्रिसिजनचं गार्ड काळं, एका थराचं आणि चांगलं ऐसपैस होतं, दोन्ही शिंगांवर पसरलेलं. नॉब त्यावर नव्हते, त्यांना क्रोमची वेगळी पट्टी होती. १९५४ मध्ये बॉडीच्या कडांना उतार आले आणि गार्ड पांढरं झालं, पण ठेवण जुनीच राहिली. मोठा बदल १९५७ चा. पिकअप दोन तुकड्यांत आला, क्रोमची पट्टी गेली, व्हॉल्यूम, टोन आणि जॅक हे तिन्ही गार्डवरच बसले. हे गार्ड सोनेरी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमचं, १० स्क्रूंचं. १९५९ च्या सुमारास धातू जाऊन थरांचं सेल्युलॉइड आलं आणि स्क्रू १३ झाले. धातूचा पत्रा आपला आकार धरून बसतो. सेल्युलॉइडच्या कडा काही वर्षांत उचलायला लागतात, म्हणून ते जास्त जागी दाबून धरावं लागतं. स्ट्रॅटोकास्टरलाही त्याच सुमारास ८ चे ११ स्क्रू झाले.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर साठच्या दशकाच्या सुरुवातीचा एक अस्सल प्रिसिजन आला होता. इथल्याच एका जुन्या बँडवाल्या घरातला. गार्ड काढलं तेव्हा पहिल्यांदा कापराचा वास आला. सेल्युलॉइडमध्ये कापूर असतोच, पण साठ वर्षांनीही तो असा यावा याचं मला नवल वाटलं. देवघरात आरतीनंतर येतो तसा, जरासा आंबूस. गार्ड उचललं तर खाली सनबर्स्टचा लाल रंग अगदी ताजा. बाहेरचा लाल उन्हाने उडून पिवळट झालेला. आणि या दोहोंच्या मधे, गार्डच्या कडेलगत, तिसऱ्याच छटेची एक बारीक पट्टी. मधोमध, पिकअपच्या आसपास, ती जवळपास नाही. वरच्या शिंगाच्या टोकाला जवळजवळ दोन मिलिमीटर. जॅकच्या बाजूलाही तेवढीच.

ती पट्टी म्हणजे गार्ड आकसल्याची खूण. कारखान्यातून निघालं तेव्हा गार्ड त्या सावलीच्या बाहेरच्या रेघेपर्यंत होतं. नंतर हळूहळू ते आत सरकत गेलं आणि जेवढा भाग उघडा पडला तेवढा उशिरा फिका झाला. शिंगावरचे दोन स्क्रू तिरके झालेले होते, कारण लाकूड जागचं हललं नाही आणि गार्ड ओढत राहिलं. तिसऱ्या स्क्रूपाशी तडाच गेलेला.

तेव्हापासून मी जुन्या गार्डवरून नवीन गार्ड कधीच आखत नाही. आज हातात येणारं जुनं सेल्युलॉइडचं गार्ड हे १९६२ चा आकार नव्हे. खरा आकार लाकडावर आहे, रंगाच्या सावलीत आणि स्क्रूंच्या भोकांत.

नवखी (नाशिक)

धागा वाचनखुणेत ठेवला. माझा प्रश्न साधा आहे. गार्डच्या आकाराने किंवा पदार्थाने आवाजात फरक पडतो का? बेसवादक जॅको पास्टोरियसच्या १९६२ च्या जॅझ बेसवर (फेंडरचंच दुसरं मॉडेल) तर गार्डच नव्हतं, त्याने काढून टाकलं होतं. त्याच्या नावाचा फेंडर बेसही विनागार्डच येतो.

चौतार (म्हापसा)

आकाराने फरक पडत नाही. पदार्थाने पडतो तो घरघरीत, सुरात नाही. ॲल्युमिनियमचं गार्ड अर्थिंगला जोडलं की तेच ढालीचं काम करतं, ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर कमी येते. प्लॅस्टिक ते करत नाही, म्हणून साठच्या दशकात नॉबच्या भागात गार्डखाली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी असायची. गार्ड बदलताना ती फेकू नका. लोक हमखास फेकतात.

जुनापुराणा (न्यू जर्सी)

चौतार, माहिती उत्तम, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. मी इथे वीस वर्षं जुने बेस बघतोय, प्रदर्शनांत हाताळतोय. फेंडरने १९८२ मध्ये '५७ आणि '६२ प्रिसिजन आणि '६२ जॅझ असे पहिले व्हिंटेज रीइश्यू आणले. तेव्हाच्या '६२ ची गार्डं मला कायम जरा मोठी वाटत आलीत. वरच्या शिंगावर कडेपासून जेवढं अंतर जुन्या बेसवर दिसतं, तेवढं रीइश्यूवर दिसत नाही. जुन्या बेसवर सनबर्स्टची काळी किनार रुंद दिसते, आणि ती ऐट रीइश्यूला नाही. कंपनीलाही कुठे तरी जाणवलं असणार. २०१२ मध्ये अमेरिकन व्हिंटेज मालिका नव्याने आली, '५८ आणि '६३ प्रिसिजन अशी वर्षंही बदलली. मग २०२२ मध्ये १९५४ आणि १९६० चे प्रिसिजन आले. पहिल्या झटक्यात बरोबर जमलं असतं तर एवढं सगळं का केलं असतं?

आणि हो, पहिला रीइश्यू १९८२ चा, असं म्हणतानाही थोडं थांबावं. १९६८ चा टेलिकास्टर बेस म्हणजे १९५१ च्या प्रिसिजनचंच पुनरागमन होतं. तेच मोठं गार्ड, तीच क्रोमची पट्टी, सपाट बॉडी. त्यातल्या लाल पेझली आणि निळ्या फुलांच्या बेसवर तर पारदर्शक गार्ड होतं, नक्षी झाकू नये म्हणून. आकार नीट समजून घ्यायचा तर ते फोटो जरूर बघा. गार्ड कुठे संपतं आणि बॉडी कुठे संपते, दोन्ही एकाच वेळी दिसतं.

चौतार (म्हापसा)

जुनापुराणा, तुमची नजर बरोबर आहे, पण मला वाटतं तुम्ही नव्या गार्डची तुलना आकसलेल्या गार्डशी करताय. सेल्युलॉइड दीड-दोन मिलिमीटर आत गेलं की किनार तेवढीच रुंद दिसणार. ती ऐट काळाने दिलेली आहे. तुमच्या ओळखीत कोणी गार्ड काढून बघू देत असेल तर फक्त शिंगाच्या टोकाची सावली मोजा. सावली आणि '६२ रीइश्यूचं गार्ड जुळलं तर १९८२ वाल्यांनी बरोबर केलं. सावली गार्डपेक्षा लहान निघाली तर तुम्ही बरोबर, मी जाहीरपणे मान्य करीन.

दुसरं म्हणजे सगळे जुने बेसही एकमेकांशी जुळत नाहीत. गार्ड साच्यावर कापत आणि बॉडीच्या कडा हाताने घासून गोल करत. त्यामुळे किनारीची रुंदी प्रत्येक बेसवर थोडी हलतेच.

सावली (कोल्हापूर)

माझंच नाव चर्चेत आल्यावर लिहायलाच हवं. बेस मी वाजवत नाही, धाकटा भाऊ वाजवतो. पण आकसण्याबद्दल मला बोलायचं आहे, कारण माझं रोजचं काम तेच आहे. आमचा पॅटर्नचा छोटा कारखाना आहे, शिरोलीत. इथल्या फाउंड्र्यांना लाकडी आणि धातूचे पॅटर्न करून देतो. बीड (ओतीव लोखंड) ओतलं की थंड होताना शंभराला साधारण एक भाग आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा हे पहिल्या दिवशी शिकवतात. आमच्याकडे त्यासाठी वेगळी मोजपट्टी असते, जिच्यावरचा सेंटीमीटर खऱ्या सेंटीमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. नवीन मुलगा आला की हमखास घोटाळा करतो. तयार कास्टिंग हातात घेतो, त्यावरून पॅटर्न आखतो, आणि पुढचं कास्टिंग एक टक्क्याने लहान येतं. त्यावरून पुन्हा केलं तर आणखी लहान.

चौतारदादा म्हणतात ते अगदी हेच आहे. फूटभर, म्हणजे ३० सेंटीमीटर लांबीचं गार्ड शंभराला एक भाग आकसलं तर टोकापासून टोकापर्यंत ३ मिलिमीटर कमी. मधोमध धरलं तर दोन्ही टोकांना दीड-दीड. त्यांना दोन मिलिमीटरची पट्टी दिसली, म्हणजे त्यांचं गार्ड एक टक्क्याहून थोडं जास्त आकसलं होतं.

आता खर्जवेडा यांच्यासाठी एक परीक्षा. चूक मधून टोकाकडे सारखी वाढत जाते का बघा. मधली भोकं बरोबर, पुढची थोडी चुकलेली, टोकाची जास्त, तीही सगळ्या दिशांना, तर ते आकसणं किंवा आकसलेल्या नमुन्यावरून केलेली नक्कल. चूक एकाच कोपऱ्यात गोळा झाली असेल आणि बाकी सगळं जुळत असेल, तर साचाच वेगळा आहे.

खर्जवेडा (पुणे)

सावलीताई, लगेच मोजलं. मोठी चूक वरच्या शिंगापाशीच आहे. जॅककडची टोकाची भोकं केसभरही चुकलेली नाहीत. जी तीन अर्धवट झाकली जातात ती नेकच्या खालच्या बाजूची. म्हणजे साचाच वेगळा?

पूर्वेकडचा (योकोहामा)

हो, साचाच वेगळा. फेंडर जपान १९८२ मध्ये सुरू झालं, कांदा शोकाई आणि यामानो गाक्की या दोन जपानी कंपन्यांबरोबर, आणि सुरुवातीची वाद्यं फुजिगेनच्या कारखान्यात बनली. अमेरिकी आणि जपानी '६२ एकाच वर्षी आले, पण त्यांचे साचे दोन वेगळ्या कारखान्यांतले. अमेरिकी गार्ड जपानी बॉडीवर जसंच्या तसं बसेल असं गृहीत धरू नये, इथली दुरुस्तीची दुकानंही हे आधीच सांगतात. पीबी६२ च्या पुढे ७० वगैरे आकडा असेल तर ती तेव्हाची किंमत आहे, हजार येनमध्ये. त्यावरून गार्डचा आकार कळत नाही, तेव्हा तो आकडा बघून गार्ड मागवू नका.

आणखी एक गोष्ट तपासा. नॉबची भोकं. अमेरिकी पॉटची (नॉब ज्यावर बसतो त्या भागाची) मान ३/८ इंच, म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. मेट्रिक पॉट बऱ्याचदा ८ किंवा ७ मिलिमीटरचे असतात. तुमच्या बेसमध्ये कोणते आहेत ते बघूनच भोक पाडा. नाहीतर नट घट्ट होईल, पण पॉट कायम एका बाजूला सरकलेला राहील.

आणि ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली ताण देणारी सळई. जुन्या पद्धतीच्या बेसचा नट नेकच्या टाचेला असतो, म्हणून बाजारात काही गार्डना नेकच्या खाचेत छोटा अर्धगोल कापलेला असतो. ज्यांचा नट हेडस्टॉककडे (नेकच्या वरच्या टोकाकडे) आहे त्यांना तो नको असतो. फोटो नीट बघून मागवा.

बेसप्रेमी_सांगली

अवांतर: गार्डचा बाहेरचा आकार फोटोवरून आखला तर? माझ्याकडे एका मित्राच्या बेसचा फोटो आहे. आमच्या इथे लेझर कटिंगवाला अर्ध्या तासात कापून देईल.

सावली (कोल्हापूर)

दोन्ही गोष्टी कृपया करू नका.

मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग मोठा आणि कडा लहान येतात. स्क्रूची भोकं जुळवायला पाव मिलिमीटर महत्त्वाचा असतो, आणि फोटोत तिथेच फसतं.

लेझरचं तर अजिबात नको. आजची बहुतेक गार्डं पीव्हीसीची असतात. पीव्हीसी लेझरने कापलं की हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो फुप्फुसांना घातक आणि यंत्रालाही. लेझरवाल्याला पदार्थ खरा सांगितला तर तो स्वतःच नाही म्हणेल. आणि जर कुठून खरं सेल्युलॉइड मिळालं असेल तर ते भडकन पेटतं. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) वापरा, नाहीतर कोपिंग सॉ (बारीक पात्याची करवत) आणि कानस.

खर्जवेडा, बॉडीवरून थेट ठसा घ्या. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच. पिकअप, नॉब आणि नेक काढा, पातळ कागद बॉडीवर ताणून टेपने चिकटवा, आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. प्रत्येक भोकाची कड उमटते. नेकच्या खाचेची आणि पिकअपच्या खाचेची कडही. ठसा झाल्यावर तेवढीच भोकं सुईने टोचून घ्या.

जुनापुराणा (न्यू जर्सी)

सावलीताई, कागदाची युक्ती अप्रतिम आहे, मी आजवर ट्रेसिंग पेपर आणि अंदाजावर काम चालवत होतो.

चौतार, तुम्ही म्हणालात ते केलं. इथे एका परिचितांकडे साठच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा सनबर्स्ट प्रिसिजन आहे. त्यांनी गार्ड काढू दिलं. शिंगाच्या टोकाला सावली गार्डच्या कडेपासून दीड मिलिमीटर बाहेर. माझ्या १९८३ च्या '६२ रीइश्यूचं गार्ड शेजारी ठेवून बघितलं, ते सावलीवर जवळपास बरोबर येतं. एका बेसवरून निकाल लावणार नाही, पण मी इतकी वर्षं ज्याला चूक म्हणत होतो ती चूक नव्हती. रीइश्यूवाल्यांबद्दल इतकं ठामपणे बोललो, ते मागे घेतो.

जॅझ बेसबद्दल एक भर घालतो. तिथे गार्डला १० स्क्रू आणि नॉब वेगळ्या क्रोमच्या पट्टीवर. गार्डची एक कड त्या पट्टीला भिडते. जुन्या जॅझवर ही सांध लगेच दिसते. गार्ड आकसलं की तिथे फट पडते आणि आतलं लाकूड डोकावतं. जुना जॅझ विकत घ्यायला गेलात आणि गार्ड मूळचं आहे असं सांगितलं, पण सांध अगदी घट्ट असेल, तर एकदा गार्ड काढून खालून बघायला मागा.

आणि कडेचा उतार. तीन थरांच्या गार्डमध्ये मधला काळा थर जाड किती दिसतो हे उतारावर ठरतं. अर्ध्या मिलिमीटरचा थर ४५ अंशांत कापला तर ०.७ मिलिमीटर दिसतो, ३० अंशांत कापला तर पूर्ण १ मिलिमीटर. बाह्याकार हुबेहूब असूनही एखादं गार्ड 'नवीन' वाटतं, त्यात याचा वाटा मोठा असतो.

चौतार (म्हापसा)

जुनापुराणा, मनापासून आभार. गार्ड उघडून बघितलंत हेच मोठं आहे. त्या मालकांना सांगा, परत बसवताना शिंगावरचे स्क्रू घट्ट आवळू नका. सेल्युलॉइड अजूनही आकसतंय, त्याला थोडी सरकायला जागा हवी. आवळलेल्या स्क्रूपाशीच तडा जातो. आणि ते गार्ड बंद केसमध्ये गरम जागी वर्षानुवर्षं ठेवू नका. खराब व्हायला लागलेल्या सेल्युलॉइडमधून सुटणाऱ्या वाफांनी शेजारचे स्क्रू आणि धातू गंजतात.

खर्जवेडा (पुणे)

मंडळी, काम झालं. सांगतो कसं केलं.

ठसा सावलीताईंनी सांगितला तसा घेतला. पहिला कागद फाटला, दुसऱ्यात नेकची खाच नीट उमटली नाही, तिसरा बरोबर आला. त्यावरून ३ मिलिमीटर एमडीएफचा साचा केला. तो बॉडीवर ठेवून १३ च्या १३ भोकांतून सुई आरपार गेली तेव्हा एकटाच असताना मोठ्याने 'वा' म्हणालो. मग टॉर्टचा (कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचा) कोरा पत्रा आणला, साचा दुतर्फी टेपने चिकटवला, आणि बेअरिंगवाल्या बिटने राउटर फिरवला. ओळखीच्या सुताराने उतार काढून दिला, ४५ अंशांतच, कारण त्याच्याकडे तोच बिट होता. पॉट मोजले, ते मेट्रिक निघाले, तेव्हा योकोहामाच्या मित्राचे विशेष आभार. मी साडेनऊचं भोक पाडणारच होतो.

जुन्या गार्डखाली ॲल्युमिनियमचा पातळ तुकडा होता. तो तसाच परत लावला.

एक गोष्ट अपेक्षित नव्हती. माझ्या बेसवर सावली जवळजवळ नाहीच. तिरप्या उजेडात धरला की गार्डची एक पुसटशी रेघ दिसते, एवढंच. हा जाड पॉलिएस्टरचा थर रंग फारसा सोडत नाही. आणि जुनं गार्ड नव्या साच्यावर ठेवलं तर केसभरही फरक नाही, म्हणजे ते पीव्हीसी आकसलेलंच नव्हतं.

बॉडीला एकही नवीन भोक पाडलं नाही. ऑनलाइन आलेलं गार्ड परत पाठवत नाही, एखाद्या अमेरिकी '६२ वाल्याला बसेल. पुण्यात कोणाला हवं असेल तर कळवा, फुकट देईन, फक्त बसलं की नाही ते इथे लिहा.

घासलेला कागद केसच्या खिशात ठेवला आहे. त्यावर 'नेक या बाजूला' असा बाण आणि तारीख घातली आहे. आणि कोणाकडे '५७ रीइश्यूचं सोनेरी, १० भोकांचं गार्ड असेल तर त्याच्या बॉडीचा असाच ठसा मिळेल का? भोकं १० वरून १३ झाली तेव्हा जुनी १० जागच्या जागी राहिली की तीही हलली, हे शेजारी ठेवून बघायचं आहे.